गृहीत लांबी

अकरा वाजून दहा मिनिटांनी संगणकाने मला शून्य दिलं. शून्याचं मला तसं वावडं नाही. चोवीस वर्षं मी समीकरणं मांडून पोट भरतो आहे आणि आमच्या धंद्यात मधेच एखादं पद शून्य झालं तर बहुधा बरंच वाटतं. तेवढी कटकट कमी. पण हे शून्य मी मागवलेलं नव्हतं. खरं तर मी काहीच मागवलेलं नव्हतं. चार वाजता ताईला न्यायला गाडी येणार होती, रजा टाकून घरी थांबायची हिंमत नव्हती म्हणून मी कचेरीत येऊन बसलो होतो, आणि बोटांना काहीतरी चाळा हवा म्हणून जुनी फाइल उघडून त्यातल्या एकेका अक्षराला विचारत होतो, बाबा रे, तू काळाबरोबर किती बदलतोस? कोनाने रीतसर उत्तर दिलं. मोटरच्या जागेने दिलं. मग मी पट्ट्याच्या लांबीला विचारलं, तर पापणी लवायच्या आत समोर एवढंसं शून्य. म्हणजे बदलत नाही. मी पाणी प्यायलो. पुन्हा विचारलं. पुन्हा शून्य. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं मला स्पष्ट कळलं.

ज्यांना चालता येत नाही त्यांना उचलणारी यंत्रं आमच्याकडे बनतात. छताला रूळ, रुळावर मोटर, मोटरमधून खाली सोडलेला पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला कापडी झोळी. माणसाला झोळीत बसवायचं, बटण दाबायचं. मोटर पट्टा गुंडाळते, माणूस पलंगावरून उचलला जातो आणि रुळाखालून खुर्चीपर्यंत जातो. झोळीतला माणूस किती झुलेल हे आधी कागदावर काढणं माझं काम. पट्टा गुंडाळला जातो म्हणजे त्याची लांबी कमी होते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. एक मीटर साठपासून ऐंशी सेंटिमीटरपर्यंत. त्याशिवाय माणूस वर जाणारच कसा? पण सॉफ्टवेअर म्हणजे शेंबडं पोरही नाही. त्याला अक्षर दिलं की ते नुसतं अक्षर. त्याच्यापुढे कंसात काळाचं अक्षर लिहिलं तरच त्याला कळतं की ही वस्तू वेळेनुसार बदलते. नाही लिहिलं तर ते तिला स्थिरांक समजतं. तक्रार करत नाही, लाल अक्षरांत ओरडत नाही, 'साहेब, नक्की ना?' असंही विचारत नाही. लांबीच्या बदलाचा दर जिथे जिथे येईल तिथे शून्य टाकतं आणि ते अख्खं पद पुसून मुकाट्याने पुढे जातं. माझ्या पहिल्या यंत्रात पट्टा गुंडाळला जात नव्हता, पलंगच खाली-वर व्हायचा. तेव्हा कंस नव्हता आणि ते बरोबर होतं. नवं यंत्र आलं तेव्हा मी जुनीच फाइल पुढे चालवली. कोनाला कंस होता, मोटरच्या जागेला कंस होता. लांबी मी गृहीत धरली होती.

गृहीत धरणं हा आमचा रोजचा शब्द. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर गृहीतकांची यादी असते, हवेचा विरोध नगण्य, पट्टा ताणला जात नाही, वगैरे. बायको हाच शब्द वेगळ्या आवाजात वापरते आणि तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवतो. आता मी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि सगळं हाताने मांडायला लागलो, कारण त्या क्षणी यंत्रावर माझा विश्वास नव्हता, स्वतःवर तर त्याहून नव्हता. तिसऱ्या ओळीतच ते पद आलं. लांबीचा दर, गुणिले कोनाचा दर, गुणिले दोन. इतकं साधं, इतकं पाठ्यपुस्तकी, की पहिल्या वर्षाच्या मुलाने ते गाळलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता. पट्टा आखडत असतो तेव्हा हे पद झोक्याला खतपाणी घालतं. खाली सहा अंश कललेला माणूस वर पोचेपर्यंत दहा अंश कलतो. दहा अंश म्हणजे किती, हे ज्याच्या कमरेखाली जाणीव नाही त्याला विचारावं. आणि विचारायला कुठे लांब जायचं कारण नव्हतं, कारण तिने ते आठ महिन्यांपूर्वी न विचारताच सांगितलं होतं.

नव्या यंत्रांतलं पहिल्या दहातलं एक मी आमच्या घरी बसवून घेतलं होतं. ताईच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उचलत होतो, म्हणजे बटण दाबत होतो, आणि ती झोळीतून म्हणाली, "अरे, वर जाताना जास्त कलते मी."

"नाही कलत."

"नाही काय? मी आहे ना आत."

"तुला तसं वाटतं, ताई. झोका तेवढाच राहतो. जमीन लांब गेली की माणसाला जास्त वाटतं."

मी एवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी संध्याकाळी संगणक तिच्या मांडीवर ठेवला आणि आलेख दाखवला. सुंदर आलेख होता. लाट हळूहळू लहान होत होती. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. एकोणीस वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली ती त्याच छापखान्याच्या. तिला कागद वाचायची एक पद्धत आहे, बोट ओळीखाली धरून, ओठ न हलवता. तसा तिने तो आलेख डावीकडून उजवीकडे वाचला. मग म्हणाली, "छान आहे. पण मी ह्याच्यात नाहीये." मी हसलो. घरी येणाऱ्या डॉक्टरांनाही मी हसत हसत सांगितलं की आमच्या ताईला भीती बसली आहे, आणि त्यांनी मान डोलवून अशा पेशंटना असे भास होतात म्हणून सांगितलं, तेही तिच्यासमोर. त्यानंतर माझ्या हातून ती झोळीत बसली नाही. पट्टा नको म्हणाली. सकाळी कचेरीला निघण्याआधी मी तिला दोन हातांवर उचलून खुर्चीत ठेवायला लागलो, माझी कंबर दोनदा धरली, तिसऱ्यांदा मी तीन दिवस झोपून काढले, आणि गेल्या महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, "मला त्या चाकाच्या खुर्चीवाल्यांच्या निवासात राहायला जाऊ दे." कोणी रडलं नाही, कोणी अडवलं नाही. मी नंतर न्हाणीघरात नळ सोडून उभा राहिलो एवढंच.

मी कंस घातला. त्यात काळाचं अक्षर. चार ओळींच्या सात ओळी झाल्या, आलेखातली लाट उजवीकडे फुगत गेली, आणि मला, लाज वाटायच्या जागी, आनंद झाला. खरंच आनंद झाला, लपवून काय करू? चूक होती म्हणजे ती दुरुस्त होणार होती. मोटरला मधे एक थांबा द्यायचा, झोका विरू द्यायचा, मग उरलेला पट्टा गुंडाळायचा. आठ दिवसांचं काम. कलणं थांबलं की भीती थांबेल, भीती थांबली की माझी कंबर सुटेल, आणि मग ताईला जायचं कारणच काय उरलं? मी मनात चार वाजताच्या गाडीला परतही पाठवलं. ड्रायव्हरला काय सांगायचं ती वाक्यंसुद्धा जुळवली.

पण आधी मॅडमकडे जाणं भाग होतं. आमच्या विभागप्रमुख, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पेन खाली न ठेवणाऱ्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती घरांत आहे हे यंत्र?"

"एकोणचाळीस."

"कोणी पडलंय?"

"नाही."

"आज सगळ्यांना कळवायचं. दुरुस्ती होईपर्यंत उचलताना दुसऱ्या माणसाने झोळी धरून ठेवायची. पत्र तुम्ही लिहा, सही मी करते." मग त्यांनी विचारलं, "कोणाची तक्रार आली नव्हती का कधी?"

"नाही," मी म्हणालो. दारापर्यंत गेलो. परत आलो. "आली होती. एकीची."

"मग?"

"तिला मी गणित दाखवलं."

त्यांना घरचं थोडंफार माहीत होतं, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त सवयीने म्हणाल्या, "ताई कशा आहेत?" आणि मीही सवयीने म्हणालो, "आहे तशीच." पत्र लिहायला मला दीड तास लागला. 'गणितातील त्रुटी' असं लिहिलं, खोडलं, 'माझी चूक' लिहिलं, तेही खोडलं, शेवटी ताईने हे तपासलं असतं तर काय ठेवलं असतं असा विचार करून 'माझी चूक' परत आणलं.

दोनला बाहेर पडलो. बस पकडायच्या ऐवजी चालायला लागलो. बसमध्ये स्वस्थ बसावं लागतं. रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट मला उगाचच हलताना दिसत होती. खांबाला टेकवलेली शिडी, दुकानाची पाटी, वायरीला लोंबकळणारी कसलीशी चिंधी. मला आठवलं, बीजगणित मला ताईनेच शिकवलं. मी पाचवीत, ती दहावीत. टेबलाच्या त्या बाजूला ती, ह्या बाजूला मी, आणि तिने वहीत क्ष काढून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि ठासून म्हणाली, "चल!" मी उठलो आणि चपला घालून दाराशी जाऊन उभा राहिलो. ती बघतच राहिली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे बावळटा, चल म्हणजे निघ नव्हे. चल म्हणजे जो बदलतो तो. आणि हा दोन बघ, हा स्थिरांक, हा बसलाय आपल्या जागेवर." मी चपला काढून परत येऊन बसलो. माझी बिचाऱ्याची समजूत अशी झाली होती की ताई मला बाहेर नेणार आहे, आणि क्षपेक्षा ते मला कितीतरी बरं वाटलं होतं. दशांश्या हे नावही त्याच वर्षीचं. मला उत्तरात एक तरी टिंब काढल्याशिवाय चैन पडायचं नाही म्हणून. आता सत्तेचाळीसाव्या वर्षीही ती मला त्याच नावाने हाक मारते आणि मी ओ देतो.

मी भराभर चालत होतो. चार वाजायच्या आत पोचायचं होतं, आणि तीन वाजायच्या आत पोचेन अशा वेगाने मी पोचत होतो. मनात मी तिच्याशी बोलत होतो. ताई, तू बरोबर होतीस. एवढंच. हे वाक्य मी तिला गेल्या कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं. 'औषध घेतलंस का', 'पंखा वाढवू का', 'झोप लागली का', ही माझी वाक्यं. ज्यात ताई खरोखर बरोबर किंवा चूक असू शकेल असं काही मी तिच्याशी बोलतच नव्हतो. हे मला एका सिग्नलपाशी लक्षात आलं आणि तिथे थांबवेना, म्हणून मी लाल दिवा असतानाच रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. बरोबरच होतं त्याचं.

दार बायकोने उघडलं. दिवाणखान्यात एक सूटकेस, एक पिशवी, आणि खुर्चीत ताई, केस विंचरलेले, अंगावर निळी साडी. मी घड्याळाकडे बघितलं. तीनला पाच कमी.

"तुला कोणी उचललं?" मी विचारलं. सकाळी माझी कंबर कुरकुरत होती म्हणून आज बायकोने शेजारच्यांना बोलवायचं ठरलं होतं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. चोरून बोरं खाल्लेल्या मुली बघतात तसं.

"पट्ट्याने," ताई म्हणाली.

"पट्ट्याने? तू तर..."

"सात महिने झाले," बायको म्हणाली. "तू गेलास की आम्ही पट्टाच वापरतो. दुपारी खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. ताईंनीच शोधून काढलं. अर्ध्यावर थांबवायचं. दहा आकडे मोजायचे. डुलणं थांबलं की मग वर."

मी सूटकेसवर बसलो. अर्ध्यावर थांबवायचं. माझ्या आठ दिवसांच्या कामाचं हे सगळं सार होतं आणि ते ह्या दोघींनी दहा आकडे मोजून केलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू परत आलेख दाखवला असतास," ताई म्हणाली.

"मग सकाळी मी तुला हातांनी उचलत होतो, तेव्हा तरी?"

"तेव्हा सांगायचं जिवावर यायचं. तुझ्याबरोबर पट्ट्यात बसले की तू माझ्याकडे बघत नव्हतास, पट्ट्याकडे बघायचास. उचलून घ्यायचास तेव्हा निदान विचारायचास तरी, नीट धरलंय ना म्हणून." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "तुझी कंबर जाईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती माझी चूक."

मी सांगितलं मग. सगळं, एका दमात. शून्य, कंस, जुनी फाइल, एकोणचाळीस घरं. ऐकताना ती पुढे झुकली होती. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल, दोन्हीची मी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "थांब थांब. नक्की कुठे राहिलं ते दाखव." मी खिशातला कागद काढला. तिने बोट ओळीखाली धरलं.

"एवढा एक कंस?"

"एवढा एक कंस."

"आणि वाचून बघितलं नाहीस परत?"

"वाचलं. चारदा वाचलं. नसलेलं दिसत नाही ना."

"तेच तर तपासायचं असतं," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं रे, की माझ्या अंगाला काही कळतच नाही आता. अर्धं तर गेलंच, उरलेलंही खोटं बोलायला लागलं की काय. फार वाईट दिवस होते ते." मी तिचा हात धरला. मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी ते जुळवून आणलेलं वाक्य बोलून टाकलं.

"मग झालं तर. गाडीला मी नको म्हणून सांगतो. पट्ट्याला थांबा बसवतो, कोणी मोजायलाही नको. तुला जायचं कारणच उरलं नाही आता."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली. ती अशी निघून जाते तेव्हा मी काहीतरी बोलून बसलेलो असतो.

"कोणी सांगितलं तुला मी पट्ट्यामुळे चाललेय?" ताई म्हणाली.

"मग? माझ्या कमरेमुळे?"

"तुझ्या कमरेवर बरं ढकलतोस. दशांश्या, मी तिथे तीनदा जाऊन आले. हिच्याबरोबर. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच तिथल्या पलंगांची उंची विचारली असतीस." ती आता हसत नव्हती. "तिथे खोलीच्या दाराला बटण आहे. इथे, कोपराच्या उंचीला. दाबलं की दार उघडतं. मी बाहेर गेले. पाच मिनिटं मधल्या वाटेवर थांबले आणि परत आले. कोणाला हाक मारली नाही. मग परत गेले. त्या दिवशी अकरा वेळा मी आत-बाहेर केलं. तिथल्या बाईंना वाटलं बटण बिघडलंय."

मी आमच्या दाराकडे बघितलं. कडी वर होती, चौकटीच्या वरच्या टोकाला, पूर्वीपासून होती तिथेच. छतात रूळ बसवताना मी त्या दारातून बहुतेक शंभरदा आत-बाहेर केलं असेल.

"कडी मी खाली घेतो," मी म्हणालो. "आत्ता घेतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"घे ना. तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा उपयोगी पडेल."

"ताई, मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही. मला जायचंय. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कुठेतरी जायचंय, आणि तू मला कारण विचारतोयस." मग आवाज खाली आणून, "तिथे एक मासिक काढतात. तपासायला कोणी नाही. पहिल्याच पानावर सतरा चुका होत्या. मी पेन मागून घेतलं."

मला जे वाटलं ते सांगतो. राग आला. मी तिच्यासाठी छत फोडलं होतं आणि तिला एक बटण पुरलं होतं. तो राग फार टिकला नाही, पण आला होता. त्याच्यामागून भीती आली, की उद्या सकाळी साडेसातला मी काय करणार, माझ्या हातांना रोज ते वजन लागतं. म्हणजे अडलं होतं कोणाचं? मी तिच्यासमोर सूटकेसवर बसून राहिलो, आणि ती मला घाई न करता बघत राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. चारला दहा मिनिटं असताना खाली गाडीचा हॉर्न वाजला.

मी कडी काढली. त्यासाठी हात डोक्याच्या वर न्यावा लागला. उंबरठ्यावर फळी टाकली, सूटकेस खाली नेऊन दिली, परत येऊन खुर्ची धरली; लिफ्टपर्यंत मी ढकलली, पुढे तिने ढकलू दिली नाही. ड्रायव्हरने मागची फळी उतरवली, ती स्वतः चाकं फिरवत वर चढली, एकदा घसरली, पुन्हा चढली. मी दोन पावलं पुढे झालो होतो, ती मागे घेतली. बायकोने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि दोघी काहीतरी कुजबुजल्या.

"शनिवारी येतो," मी खिडकीतून म्हणालो. "सकाळी. नाहीतर उद्याच येतो, कचेरीतून सुटल्यावर. कधीही येईन."

"ये ना," ताई म्हणाली. ती पट्टा लावत होती, गाडीचा, आणि त्याच्याकडेच बघत होती. "पण निघायच्या आधी फोन कर हं. मी बाहेर गेलेली असायची."